राज्यांतर आणि वैद्यकीय हयगयीचे दायित्व : अमेरिकेतील डॉक्टरांपुढील एक प्रश्न

१. प्रास्ताविक

इंग्रजीतील ‘मॅलप्रॅक्टिस’ हा शब्द लॅटिन ‘माला प्रॅक्सिस’ ह्या शब्दयुग्मापासून आलेला आहे. विल्यम ब्लॅकस्टन ह्या आंग्ल विधिज्ञाने १७६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या विधिभाष्याच्या तिसऱ्या खंडात वैद्याच्या हयगयीने अथवा अकौशल्याने रुग्णास होणाऱ्या अपायाला ही संज्ञा योजिली, आणि पुढे ती अमेरिकेतील न्यायालयांच्या परिभाषेत रूढ झाली. मराठीत तिला एकच एक प्रतिशब्द अद्याप स्थिरावलेला नाही. ‘गैरव्यवहार’ म्हटल्यास त्यात अप्रामाणिकपणाची छटा येते. ‘निष्काळजीपणा’ म्हटल्यास वृत्तीचा बोध अधिक व कृतीचा कमी होतो. प्रस्तुत लेखात ‘हयगय’ हा शब्द स्वीकारला आहे. कारण अंगावर घेतलेले कर्तव्य यथायोग्य रीतीने पार न पाडणे हा जो ह्या संकल्पनेचा गाभा, तो त्या शब्दात चांगला उतरतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एका राज्यात व्यवसाय करणारा डॉक्टर दुसऱ्या राज्यात जाऊ पाहतो, तेव्हा वेतन, मुलांच्या शाळा, हवामान, आप्तांचे सान्निध्य ह्या गोष्टींबरोबर तो आणखी एका गोष्टीचा विचार करतो. त्या राज्यात हयगयीचे दावे किती होतात, भरपाईला मर्यादा आहे किंवा नाही, आणि विम्याचा हप्ता किती पडेल, हा तो विचार होय. ह्या प्रकारच्या स्थलांतराला येथे ‘राज्यांतर’ म्हटले आहे. अशा डॉक्टरांमध्ये एक समजूत सर्वसाधारणपणे आढळते. ती अशी की, कडक राज्यातून सौम्य राज्यात गेले म्हणजे दायित्वाची चिंता मागे राहते. ही समजूत अर्धीच खरी आहे. नव्या राज्याची सौम्यता केवळ पुढे होणाऱ्या उपचारांना लागू पडते. झालेल्या उपचारांचे दायित्व ज्या राज्यात ते उपचार झाले, तेथील कायद्याशी निगडित राहते. म्हणजेच दायित्व हे कृतीला चिकटलेले असते. कर्त्याच्या पत्त्याला नव्हे. ह्या एका भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे डॉक्टर आणि रुग्ण ह्या दोघांवरही कसा प्रसंग ओढवू शकतो, हे दाखविणे हा ह्या लेखाचा हेतू आहे.

२. राज्याराज्यांत भेद का?

भारतीय वाचकास हा प्रश्न प्रथम काहीसा चमत्कारिक वाटेल. पुण्याचा डॉक्टर बेळगावास अथवा इंदुरास गेला, तर त्याला त्या राज्याच्या वैद्यक परिषदेकडे नोंदणीची व्यवस्था करावी लागते, हे खरे. परंतु हयगय कशास म्हणावे ह्याविषयीची तत्त्वे त्याच्यासाठी बदलत नाहीत. पुण्यातील एका शस्त्रचिकित्सकाविरुद्धच्या दाव्यात, म्हणजे लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले ह्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये डॉक्टरांची तीन कर्तव्ये सांगितली. रुग्णास स्वीकारावे की नाही हे ठरविताना, कोणता उपचार द्यावा हे ठरविताना, आणि प्रत्यक्ष उपचार करताना काळजी घेणे, ही ती कर्तव्ये होत. ती देशभर आधारभूत मानली जातात. १९९५ च्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता ह्या निर्णयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आली, तीदेखील सर्व राज्यांसाठी एकदमच.

अमेरिकेतील रचना ह्याहून मूलतः वेगळी आहे. तेथे अपकृत्याचा कायदा हा प्रायः राज्याचा विषय आहे. वैद्यकीय परवाना देण्याचा अधिकार राज्याचा असल्याचे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८८९ मध्ये डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया ह्या प्रकरणात मान्य केले. विमा व्यवसायाचे नियमनही १९४५ च्या मॅककॅरन–फर्ग्युसन कायद्याने राज्यांकडेच ठेवण्यात आले. अशा रीतीने परवाना, दायित्व आणि विमा ही तिन्ही सूत्रे राज्याच्या हाती असल्यामुळे राज्याची सीमा ओलांडणारा डॉक्टर एकाच वेळी तीन व्यवस्था सोडतो आणि तीन नव्या व्यवस्थांत प्रवेश करतो.

ह्याला काही अपवाद आहेत. माजी सैनिकांच्या केंद्रीय रुग्णालयांत नोकरी करणाऱ्या डॉक्टरास कोणत्याही एका राज्याचा परवाना पुरेसा होतो, आणि कर्तव्याच्या कक्षेतील हयगयीबद्दलचा दावा त्याच्यावर न होता केंद्र सरकारवर होतो. केंद्रीय अनुदानावर चालणाऱ्या, ह्या योजनेस पात्र ठरलेल्या सामूहिक आरोग्यकेंद्रांतील डॉक्टरांनाही असेच संरक्षण मिळते. परंतु खाजगी व्यवसाय करणाऱ्या अथवा खाजगी रुग्णालयाच्या नोकरीत असलेल्या बहुसंख्य डॉक्टरांना राज्यभेदाचा विचार टळत नाही.

३. भरपाईची मर्यादा आणि तिची अस्थिरता

राज्याराज्यांतील भेदांपैकी सर्वांत अधिक चर्चा होते ती भरपाईच्या कमाल मर्यादेची. येथे प्रथम दोन प्रकारच्या हानींतील फरक ध्यानात घ्यावयास हवा. पुढील उपचारांचा खर्च, बुडालेले उत्पन्न इत्यादी गोष्टी आर्थिक हानीत मोडतात. वेदना, व्यंग, जीवनातील आनंदाचा लोप ह्या गोष्टी अनार्थिक हानीत मोडतात. बहुतेक राज्यांतील मर्यादा दुसऱ्या प्रकारच्या हानीवरच असते.

ह्या मर्यादांचा उगम १९७० नंतरच्या दशकातील विमा-संकटात आहे. हप्ते अकस्मात वाढले, काही कंपन्यांनी हा व्यवसाय सोडला, आणि कॅलिफोर्निया राज्याने १९७५ मध्ये कायदा करून अनार्थिक हानीची भरपाई २,५०,००० डॉलरपर्यंत सीमित केली. त्याच वर्षी इंडियाना राज्याने निराळा मार्ग अवलंबिला. तेथे एकूण भरपाईवरच मर्यादा घालण्यात आली, आणि डॉक्टराच्या वाट्यापलीकडील रक्कम रुग्ण-भरपाई निधीतून देण्याची व्यवस्था झाली. जुलै २०१९ पासूनच्या घटनांसाठी तेथील एकूण मर्यादा १८ लक्ष डॉलर असून त्यांपैकी डॉक्टराचा वाटा ५ लक्ष डॉलरपर्यंतचा आहे. टेक्सास राज्याने २००३ मध्ये डॉक्टरांविरुद्धच्या दाव्यांत अनार्थिक हानीसाठी २,५०,००० डॉलरची मर्यादा घातली, आणि न्यायालयाने ती रद्द करू नये म्हणून त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मतदारांकडून घटनादुरुस्तीही करून घेतली. उलटपक्षी न्यूयॉर्क राज्यात अशी कोणतीही मर्यादा नाही, आणि पेन्सिल्व्हेनियाच्या राज्यघटनेत तर शारीरिक इजेच्या भरपाईवर विधिमंडळाने मर्यादा घालण्यास मनाई आहे.

ह्या तक्त्यावरून ‘सौम्य’ आणि ‘कडक’ राज्यांची यादी करणे सोपे दिसते. परंतु ही यादी स्थिर राहत नाही. जॉर्जिया व इलिनॉय ह्या राज्यांनी २००५ मध्ये घातलेल्या मर्यादा तेथील सर्वोच्च न्यायालयांनी २०१० मध्ये घटनाबाह्य ठरविल्या. मिसूरीची मर्यादा २०१२ मध्ये रद्द झाली, आणि २०१५ मध्ये नव्या स्वरूपात पुन्हा आली. फ्लोरिडाने २००३ मध्ये घातलेली मर्यादा मृत्यूच्या दाव्यांपुरती २०१४ मध्ये आणि इजेच्या दाव्यांपुरती २०१७ मध्ये गेली. जवळजवळ अर्धशतक अचल राहिलेली कॅलिफोर्नियाची मर्यादाही २०२२ च्या कायद्याने हलली. २०२३ पासून ती इजेच्या दाव्यांत ३,५०,००० आणि मृत्यूच्या दाव्यांत ५,००,००० डॉलर झाली, व दहा वर्षांत क्रमाने ती अनुक्रमे ७,५०,००० आणि १०,००,००० डॉलरपर्यंत चढावयाची आहे. तात्पर्य, ज्या मर्यादेच्या भरवशावर डॉक्टर आपले बिऱ्हाड हलवितो, ती त्याच्या व्यवसायाच्या उरलेल्या वीस-पंचवीस वर्षांत तशीच राहील, असे धरून चालता येत नाही.

४. तीन काळ : उपचाराचा, दाव्याचा आणि विम्याचा

मर्यादेच्या चर्चेने जो विषय सहसा झाकला जातो, तोच राज्यांतराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. तो म्हणजे विमापत्राचा प्रकार. हयगयीच्या विम्याची विमापत्रे प्रामुख्याने दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारास ‘घटनानिष्ठ’ म्हणता येईल. ज्या वर्षी उपचार झाला, त्या वर्षाचे विमापत्र त्या उपचाराबद्दलच्या दाव्याचा भार उचलते. मग तो दावा दहा वर्षांनी का येईना. दुसऱ्या प्रकारास ‘दावानिष्ठ’ म्हणता येईल. त्यात दावा ज्या वेळी येतो व विमा कंपनीस कळविला जातो, त्या वेळी विमापत्र चालू असावे लागते. शिवाय मूळ घटना विमापत्रात नमूद केलेल्या पूर्वलक्षी दिनांकानंतरची असावी लागते. हा दुसरा प्रकार १९७५ च्या सुमारास प्रचारात आला. किती वर्षांनी किती दावे येतील हे सांगता येत नसल्यामुळे कंपन्यांना भविष्याचा तो अनिश्चित भार नको होता.

व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे, तर घटनानिष्ठ विमापत्र ‘उपचार केव्हा झाला?’ असा भूतकाळाचा प्रश्न विचारते. दावानिष्ठ विमापत्र ‘दावा आता आला आहे काय?’ असा वर्तमानकाळाचा प्रश्न त्यात मिळविते. डॉक्टर एकाच ठिकाणी, एकाच कंपनीकडे विमा चालू ठेवीत असेल, तोवर ह्या दोन प्रश्नांतील अंतर त्याला जाणवत नाही. राज्यांतराच्या दिवशी ते एकदम उघडे पडते. कारण जुने विमापत्र बंद होते, आणि ज्या उपचारांबद्दल अजून दावा आलेला नाही पण पुढे येऊ शकतो, ते सर्व उपचार एका क्षणात निराधार होतात.

ही पोकळी भरून काढण्याचे दोन मार्ग आहेत, आणि त्यांची व्यवसायातील नावे मोठी बोलकी आहेत. जुन्या कंपनीला एकरकमी पैसे देऊन मागील उपचारांवरील दावे कळविण्याची मुदत वाढवून घेतली, तर त्या जोडास ‘टेल’ म्हणजे शेपूट म्हणतात. नव्या कंपनीने मागील उपचारांचा भार आपल्या विमापत्रात सामावून घेतला, तर त्यास ‘नोज’ म्हणजे नाक म्हणतात. विमापत्र हा जणू एक प्राणी असून काळाच्या रेषेवर त्याचे पुढचे किंवा मागचे टोक वाढविले जाते, असे हे रूपक आहे.

शेपटाची किंमत सामान्यतः चालू पूर्ण हप्त्याच्या दीडपट ते दुप्पट असते, कधी ह्याहूनही अधिक. आणि ते विकत घेण्याची मुदत विमापत्र संपल्यापासून बहुधा तीस ते साठ दिवसांचीच असते. मृत्यू, कायमचे अपंगत्व अथवा ठराविक वयानंतरची निवृत्ती ह्या प्रसंगी अनेक कंपन्या शेपूट विनामूल्य देतात. परंतु दुसऱ्या राज्यात व्यवसाय चालू ठेवणे म्हणजे निवृत्ती नव्हे, म्हणून राज्यांतर करणाऱ्यास ही सवलत लागू पडत नाही. नाकाचा मार्ग पुष्कळदा स्वस्त पडतो. पण येथे राज्याची सीमा आड येते. जुनी कंपनी नव्या राज्यात व्यवसाय करीत असेल आणि आपला पूर्वलक्षी दिनांक कायम ठेवावयास तयार असेल, तर प्रश्न सुटतो. नवी कंपनी असेल, तर दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या कायद्याखाली, दुसऱ्या ज्यूरीसमोर चालावयाच्या दाव्यांचा भार ती घेईलच असे नाही.

येथे आणखी एक दृष्टिभ्रम संभवतो. दावानिष्ठ विमापत्राचा हप्ता पहिल्या वर्षी पुष्कळ कमी असतो आणि साधारणपणे पाचव्या वर्षाच्या सुमारास पूर्णत्वास पोचतो. कारण पहिल्या वर्षी कंपनीच्या अंगावर केवळ त्याच वर्षाचे उपचार असतात. नव्या राज्यात गेलेला डॉक्टर नवे विमापत्र घेतो, पहिला हप्ता जुन्या हप्त्याच्या मानाने अल्प असल्याचे पाहतो, आणि तो राज्याचा गुण समजतो. वस्तुतः त्यातील बराचसा फरक विमापत्राच्या वयाचा असतो. तुलना करावयाची, तर जुन्या राज्यातील पूर्ण हप्त्याशी नव्या राज्यातील पूर्ण हप्त्याची करावी, आणि शेपटाची किंमत राज्यांतराच्या खर्चात धरावी.

५. एक कल्पित उदाहरण

विषय स्पष्ट होण्यासाठी एक उदाहरण कल्पावे. एक प्रसूतितज्ज्ञ न्यूयॉर्क शहरात दहा वर्षे व्यवसाय करून २०१९ मध्ये टेक्सासमधील ह्यूस्टनला गेली. तिचे विमापत्र दावानिष्ठ होते. शेपटाची रक्कम मोठी, आणि आजवर एकही दावा आलेला नाही, ह्या दोन कारणांनी तिने शेपूट घेतले नाही. २०१६ मध्ये तिच्या हातून झालेल्या एका प्रसूतीत बालकाच्या मेंदूस प्राणवायूचा पुरवठा कमी पडला होता; मूल चालण्या-बोलण्यात मागे असल्याचे आईवडिलांना पुढे हळूहळू कळून आले.

न्यूयॉर्कमध्ये हयगयीच्या दाव्याची सर्वसाधारण मुदत अडीच वर्षांची आहे. परंतु दावेदार अज्ञान बालक असेल, तर ही मुदत घटनेपासून दहा वर्षांपर्यंत लांबू शकते. ह्याचा अर्थ, २०१६ च्या प्रसूतीबद्दलचा बालकाचा दावा २०२६ पर्यंत येऊ शकतो. तो २०२४ मध्ये आला, असे समजू. प्रसूती न्यूयॉर्कमध्ये झाली, अपाय तेथेच झाला, कुटुंब तेथेच राहते. तेव्हा दावा तेथील न्यायालयात चालेल आणि त्यास तेथीलच कायदा लागू होईल. टेक्सासची २,५०,००० डॉलरची मर्यादा त्या दाव्यास स्पर्शही करणार नाही. जुनी विमा कंपनी म्हणेल, ‘दावा आला तेव्हा आमचे विमापत्र चालू नव्हते.’ नवी म्हणेल, ‘घटना आमच्या पूर्वलक्षी दिनांकाच्या आधीची आहे.’ दोघींचेही म्हणणे आपापल्या करारानुसार बरोबर असेल. वकिलाचा खर्च आणि भरपाई ह्या दोहोंचा बोजा त्या डॉक्टरच्या स्वतःच्या मालमत्तेवर पडेल.

ह्या उदाहरणात हयगय झाली होती की नाही, हे मुद्दामच सांगितलेले नाही. हयगय झाली नसली, तरी ते सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षे वकील उभा करावा लागतो, आणि विमा कंपनीच्या साहाय्याचा तो निम्मा भाग असतो. हयगय झाली असेल, तर दुसरीही बाजू पाहावयास हवी. जन्मभर शुश्रूषेची गरज असलेल्या त्या मुलाच्या हाती निवाडा येईल. परंतु एका व्यक्तीच्या मालमत्तेतून त्या शुश्रूषेचा खर्च निघेलच असे नाही. शेपूट न घेतल्याने उघडे पडलेले दोन पक्ष असतात, आणि त्यांतील दुसऱ्याचा त्या निर्णयात काहीच भाग नसतो. पेन्सिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन, कॉलोराडो ह्यांसारखी काही राज्ये डॉक्टराने विमा घेणे कायद्याने आवश्यक करतात, त्यामागे हेच कारण आहे. टेक्सासमध्ये अशी सक्ती नाही. आणि फ्लोरिडात तर काही अटींवर, आपला विमा नसल्याची पाटी दवाखान्यात लावून डॉक्टरास विम्यावाचून व्यवसाय करता येतो.

दाव्याच्या मुदतीचे नियमही बदलत असतात. न्यूयॉर्कने २०१८ मध्ये केलेल्या कायद्यान्वये कर्करोगाचे निदान हुकल्याच्या दाव्यात अडीच वर्षांची गणना, सात वर्षांच्या कमाल मर्यादेस अधीन राहून, हयगय ध्यानात आल्यापासून होऊ लागली. जो डॉक्टर आज ‘मागील सर्व मुदती संपल्या’ असे हिशेबाने ठरवितो, त्याने तो हिशेब राज्य सोडताना एकदा आणि त्यानंतरही अधूनमधून तपासणे इष्ट होय.

६. राज्यांतराने दोष मागे राहतो काय?

ज्याच्यावर दावे झाले आहेत, तो डॉक्टर दुसऱ्या राज्यात जाऊन नव्याने आरंभ करतो, अशीही एक समजूत लोकांत आहे. पूर्वी ह्यात तथ्य होते. एका राज्याच्या मंडळास दुसऱ्या राज्यातील घटना कळण्याचे साधन अपुरे होते. हे बदलण्यासाठी केंद्रीय विधिमंडळाने १९८६ मध्ये कायदा केला, आणि त्यानुसार सप्टेंबर १९९० मध्ये राष्ट्रीय व्यवसायी माहितीकोश सुरू झाला. डॉक्टराच्या वतीने हयगयीच्या दाव्यात लेखी मागणीपोटी दिलेली भरपाई, रक्कम लहान असो वा मोठी, त्यात नोंदविली जाते. नेमणूक करताना आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी ह्या कोशाची विचारणा करणे रुग्णालयांवर बंधनकारक आहे. सामान्य रुग्णास मात्र त्यातील नावे पाहता येत नाहीत. २०१७ पासून कार्यान्वित झालेल्या आंतरराज्य वैद्यकीय परवाना करारात चाळीसहून अधिक राज्ये सामील झाली असून, पात्र डॉक्टरास अनेक राज्यांचे परवाने लवकर मिळण्याची सोय त्याने झाली आहे. तरीही परवाना प्रत्येक राज्याचा वेगळाच राहतो, आणि ज्या राज्यात रुग्ण असतो, त्याच राज्याचा परवाना व कायदा सामान्यतः लागू होतो. दूरध्वनी अथवा पडद्यावरून सल्ला देणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

प्रत्यक्षात दाव्यांमुळे डॉक्टर राज्य सोडतात काय, ह्याचा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ४,८०,००० डॉक्टरांच्या माहितीवर तो आधारलेला होता. भरपाई द्यावी लागलेले दावे ज्यांच्या नावावर अधिक, ते व्यवसाय सोडण्याचे किंवा लहान दवाखान्यात अथवा एकट्याने काम करण्याचे प्रमाण अधिक आढळले. परंतु ते इतरांपेक्षा अधिक प्रमाणात स्थलांतर करतात, असे आढळले नाही.

राज्याच्या कायद्याने डॉक्टरांचा ओघ वळतो काय, ह्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. केस्लर, सेज व बेकर ह्यांना २००५ च्या अभ्यासात असे दिसले की, दायित्व थेट मर्यादित करणारे कायदे केलेल्या राज्यांत तीन वर्षांनी डॉक्टरांची संख्या इतर राज्यांच्या तुलनेने सुमारे ३.३ टक्क्यांनी अधिक वाढली. उलट, टेक्सासच्या २००३ च्या कायद्याचा विशेष अभ्यास करून हायमन, सिल्व्हर, ब्लॅक व पैक ह्यांनी २०१५ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, त्या कायद्यापूर्वी डॉक्टर टेक्सास सोडून चालले होते ह्यास, अथवा त्यानंतर त्यांचा लोंढा तेथे आला ह्यास, आकडेवारीत आधार सापडत नाही. २००२ च्या जुलैत लास व्हेगास येथील अपघात-उपचार केंद्र विम्याच्या प्रश्नावरून दहा दिवस बंद राहिले होते, ही घटना सत्य आहे. परंतु केंद्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २००३ मध्ये पाच राज्यांतील परिस्थिती तपासली, तेव्हा डॉक्टर निघून गेल्याच्या तक्रारींपैकी काही स्थानिक स्वरूपात खऱ्या ठरल्या, तर अनेकींना पुरावा मिळाला नाही.

दाव्याचा संभव राज्यापेक्षा वैद्यकीय शाखेवर किती अवलंबून असतो, हेही पाहण्यासारखे आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार दर वर्षी सरासरी ७.४ टक्के डॉक्टरांवर दावा होत होता, आणि भरपाई द्यावी लागणाऱ्यांचे प्रमाण १.६ टक्के होते. मेंदूच्या शस्त्रचिकित्सकांत दाव्यांचे प्रमाण १९.१ टक्के, कौटुंबिक डॉक्टरांत ५.२ टक्के, तर मानसोपचारतज्ज्ञांत २.६ टक्के होते. मानसोपचारतज्ज्ञाने केवळ भरपाईची मर्यादा पाहून राज्य निवडणे आणि मेंदूच्या शस्त्रचिकित्सकाने ती पाहून निवडणे, ह्या दोन गोष्टींचे मोल अर्थातच सारखे नाही.

७. करारातील एक वाक्य

हा प्रश्न मराठी वाचकास सर्वस्वी दूरचा नाही. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकून अमेरिकेत गेलेल्या डॉक्टरांची संख्या मोठी आहे. अतिथी-प्रशिक्षणार्थी म्हणून गेलेल्या परदेशी डॉक्टरास प्रशिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. ती माफ करून घेण्याचा एक मार्ग १९९४ च्या कायद्याने खुला झाला. डॉक्टरांची वाण असलेल्या भागात तीन वर्षे नोकरी पत्करणे, हा तो मार्ग होय. ह्या मार्गाने अनेक भारतीय डॉक्टर लहान गावांत गेले, आणि तीन वर्षे पूर्ण होताच आप्तांजवळ अथवा मोठ्या शहराजवळ, बहुधा दुसऱ्या राज्यात, जाण्याचा विचार करू लागले. त्यांच्या नोकरीच्या करारात विम्याविषयी एक कलम असते. ‘दायित्वाचा विमा मालक पुरवील’ एवढेच त्यात लिहिलेले असेल, तर शेपूट कोणी घ्यावयाचे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. करारावर सही करताना त्या तरुणाचे सारे लक्ष परवानगीच्या कागदांवर असते. तीन वर्षांनी नोकरी सोडताना मात्र वार्षिक हप्त्याच्या दुपटीएवढी रक्कम त्याच्यापुढे उभी राहते.

म्हणून राज्यांतराचा विचार करणाऱ्या डॉक्टराने प्रश्नांचा क्रम बदलणे अगत्याचे आहे. आपले चालू विमापत्र घटनानिष्ठ आहे की दावानिष्ठ, हा पहिला प्रश्न. दावानिष्ठ असल्यास शेपूट अथवा नाक कोणी, किती मुदतीत आणि कोणत्या पूर्वलक्षी दिनांकापासून द्यावयाचे, हा दुसरा. ज्या राज्यात आजवर उपचार केले, तेथे दाव्याची मुदत, विशेषतः अज्ञान बालकांसाठी, किती आहे, हा तिसरा. नव्या राज्यात विम्याची सक्ती किती रकमेची आहे आणि पूर्ण वाढलेला हप्ता किती, हा चौथा. भरपाईची मर्यादा किती, हा प्रश्न ह्या सर्वांनंतर येतो. आणि तोही आजच्या आकड्यापुरता न विचारता, ती मर्यादा कोणत्या आधारावर उभी आहे, म्हणजे साध्या कायद्यावर की राज्यघटनेवर, अशा रीतीने विचारावयास हवा.

८. समारोप

स्थलांतर करणारा माणूस घर, सामान आणि कागदपत्रे बरोबर नेतो. डॉक्टरास त्यांखेरीज आपल्या रुग्णांचा भूतकाळही बरोबर न्यावा लागतो. आणि त्याचे ओझे कोणी उचलावयाचे, हे निघण्यापूर्वी ठरवावे लागते. नव्या राज्याचा कायदा त्याला ह्या कामी मदत करीत नाही, कारण तो त्या कायद्याचा विषयच नव्हे. जुन्या राज्यात ज्या रुग्णाने त्याच्यावर विश्वास टाकला, तो रुग्ण तेथेच राहिलेला असतो. अपाय झाला असेल, तर तोही त्याच्याजवळच राहिलेला असतो. विमापत्रातील एक दिनांक आणि नोकरीच्या करारातील एक वाक्य एवढ्यावर पुष्कळदा अवलंबून असते, की त्या रुग्णास न्याय मिळाल्यावर भरपाईही मिळेल किंवा नाही, आणि त्या डॉक्टरास आपला बचाव करण्यासाठी घरदार विकावे लागेल किंवा नाही.